नव्याचे नऊ दिवस : कॅशबॅक कार्डाच्या पहिल्या वर्षाचा आणि त्यानंतरचा इतिहास

१/ क्रेडिट कार्डाच्या जाहिरातीत पहिल्या वर्षाचा कॅशबॅक ठळक अक्षरांत छापलेला असतो. दुसऱ्या वर्षाचा दर शोधायला तळटीप वाचावी लागते. ही तफावत आजची नव्हे. तिच्यामागे पाऊणशे वर्षांचा व्यापारी इतिहास आहे आणि तो प्रामुख्याने अमेरिकेत घडला. आजचा धागा त्या इतिहासाविषयी आणि परताव्याचा पैसा नेमका कोणाच्या खिशातून येतो याविषयी.

२/ खरेदीवर परतावा देण्याची कल्पना कार्डापेक्षा पुष्कळ जुनी. २१ डिसेंबर १८४४ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल येथे २८ जणांनी, त्यांत बरेच विणकर होते, एक सहकारी दुकान उघडले. नफा झाला की ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात तो वाटला जाई. येथे ग्राहक हाच मालक होता. परतावा नफ्यातून येई आणि सभासदत्व जुने झाले म्हणून तो घटत नसे.

३/ अमेरिकेने याच कल्पनेला निराळे वळण दिले. १८९६ मध्ये स्थापन झालेली स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी हिरव्या रंगाची तिकिटे छापून दुकानदारांना विकू लागली. दुकानदार ती दर दहा सेंटच्या खरेदीमागे एक याप्रमाणे गिऱ्हाइकाला देई. गृहिणी ती वहीत चिकटवत आणि वह्या भरल्या की त्यांच्या बदल्यात दिवे, भांडी, फर्निचर घरी आणत.

४/ या तिकिटांनी एक धडा घालून दिला. गावातील एकच दुकान तिकिटे देत असेल तर गर्दी त्याच्याकडे वळते. सगळीच दुकाने देऊ लागली की कोणाचाच लाभ उरत नाही. तिकिटांचा खर्च तेवढा राहतो आणि तो हळूहळू मालाच्या किमतीत मुरतो. १९७० च्या दशकात ही प्रथा ओसरली. किमतीत मुरलेल्या खर्चाचा प्रश्न मात्र पुढे कार्डांच्या रूपाने परतला.

५/ १९५० मध्ये न्यूयॉर्क येथे डायनर्स क्लब सुरू झाला. जेवणाचे बिल कार्डावर मांडायचे आणि महिनाअखेरीस एकदम भरायचे, अशी ही योजना. उपाहारगृहाला मात्र प्रत्येक बिलातील सात टक्के क्लबला द्यावे लागत. कार्डव्यवसायाचा पाया येथे पडला : खर्च करणाऱ्याला सोय आणि त्या सोयीची किंमत विकणाऱ्याकडून.

६/ १९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे साठ हजार कार्डे टपालाने पाठवली. कोणी मागितलेली नव्हती. यामागचे गणित साधे होते. ग्राहकांकडे कार्ड नसेल तर दुकानदार ते स्वीकारणार नाही आणि दुकानदार स्वीकारत नसेल तर ग्राहक कार्ड घेणार नाही. ही कोंडी फोडण्यासाठी आरंभीचा तोटा बँकेने आपण होऊन पत्करला. ‘आधी द्या, मग मिळवा’ हे या धंद्याचे धोरण तेव्हापासूनचे.

७/ आता यंत्रणा पाहू. ग्राहकाने शंभर डॉलरची खरेदी कार्डाने केली तर दुकानदाराच्या हाती पूर्ण शंभर पडत नाहीत. कापल्या जाणाऱ्या रकमेचा मोठा भाग ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्याला इंटरचेंज शुल्क म्हणतात. अमेरिकेत क्रेडिट कार्डांवर हे शुल्क साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असते. कॅशबॅकची मुख्य विहीर ही. व्याज आणि वार्षिक शुल्क हे तिला येऊन मिळणारे दोन झरे.

८/ त्यांतला व्याजाचा झरा १९७८ मध्ये मोठा झाला. मार्केट नॅशनल बँक विरुद्ध फर्स्ट ऑफ ओमाहा या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की राष्ट्रीय बँकेला तिच्या मूळ राज्याचा व्याजदर दुसऱ्या राज्यातील ग्राहकालाही लावता येईल. सिटीबँकेने आपला कार्डव्यवसाय न्यूयॉर्कमधून साउथ डकोटात हलवला, कारण तेथे व्याजावर जाचक मर्यादा नव्हती. कार्ड आता देशभर विकण्याजोगी वस्तू झाली.

९/ या मोकळ्या रानात १९८६ मध्ये सिअर्स या दुकानसाखळीच्या वित्त विभागाने डिस्कव्हर कार्ड देशभर आणले. वार्षिक शुल्क नाही आणि खरेदीवर रोख परतावा. त्या परताव्याला पायऱ्या होत्या : वर्षभरातील खर्च वाढत जाईल तसा दर चढे आणि जास्तीत जास्त एक टक्क्यापर्यंत पोहोचे. म्हणजे आरंभीच्या कॅशबॅकमध्ये थोडे खर्च करणाऱ्याला सर्वांत कमी आणि भरपूर खर्च करणाऱ्याला सर्वांत जास्त मिळे. नवखेपणाला त्यात काही मोल नव्हते.

१०/ नवखेपणाला मोल आले ते १९९० च्या दशकात. १९९० मध्ये एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने कार्ड काढले आणि आरंभी येणाऱ्यांना आजीवन शुल्कमाफी दिली. स्पर्धेत इतरांनाही शुल्क सोडावे लागले. त्याच सुमारास व्हर्जिनियातील सिग्नेट बँकेत रिचर्ड फेअरबँक आणि नायजेल मॉरिस यांनी दुसऱ्या बँकेची थकबाकी आरंभीच्या अल्प व्याजदरावर आपल्याकडे वळवून घेण्याची योजना रुजवली. त्यांचा विभाग पुढे कॅपिटल वन ही स्वतंत्र कंपनी झाला. ‘आरंभीचा दर’ आणि ‘नंतरचा दर’ अशी दुहेरी किंमत या काळात कार्डांच्या अंगवळणी पडली.

११/ पहिल्याच वर्षी एवढे औदार्य का? नवा ग्राहक मिळवणे खर्चिक असते, तर जुना सहसा जागचा हलत नाही. विजेचे बिल, वर्गण्या, दुकानांच्या ॲपमधील नोंदी एका कार्डाला जोडल्या की ते बदलायचा कंटाळा येतो. पहिल्या वर्षाचा जादा परतावा हा ग्राहक मिळवण्याचा खर्च आहे. बँक तो पुढील वर्षांच्या उत्पन्नातून भरून काढते. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

१२/ उदाहरण घेऊ. डिस्कव्हरच्या एका प्रसिद्ध कार्डावर दर तिमाहीला बदलणाऱ्या खरेदीप्रकारांवर पाच टक्के मिळतात. त्याला तिमाहीत १,५०० डॉलर खर्चाची मर्यादा आणि प्रत्येक वेळी नोंदणी करण्याची अट आहे. उरलेल्या खर्चावर एक टक्का. पहिले वर्ष पूर्ण झाले की त्या वर्षी मिळालेला सर्व कॅशबॅक कंपनी दुप्पट करते. ही दुप्पट फक्त एकदाच.

१३/ समजा, एखाद्याचा वार्षिक खर्च १२,००० डॉलर आणि त्यातील २,००० डॉलर पाच टक्क्यांच्या प्रकारांत. कॅशबॅक झाला १०० + १०० = २०० डॉलर. पहिल्या वर्षी तो दुप्पट, म्हणजे ४००. प्रत्यक्ष दर सुमारे ३.३ टक्के. दुसऱ्या वर्षी २००. दर सुमारे १.७ टक्के. सिटीने २०१४ मध्ये आणलेल्या, खरेदीवर एक आणि बिल भरल्यावर एक असे दोन टक्के देणाऱ्या कार्डावर याच खर्चाचे २४० डॉलर होतात. पहिल्या वर्षीचा विजेता दुसऱ्या वर्षी मागे पडला.

१४/ मात्र हा निकाल सर्वांना लागू नाही. याच माणसाने ३,००० डॉलर पाच टक्क्यांच्या प्रकारांत खर्च केले तर दोन्ही कार्डे २४० वर बरोबरीत येतात. त्याहून अधिक केले तर पहिले कार्ड पुन्हा पुढे जाते. दुसऱ्या वर्षाचा खरा दर कार्डावर छापलेला नसतो. तो ग्राहकाच्या खर्चाच्या घडणीतून ठरतो.

१५/ दुसरा प्रकार शुल्कमाफीचा. अमेरिकन एक्स्प्रेसच्या एका कार्डावर किराण्यावर सहा टक्के (वर्षाला ६,००० डॉलरपर्यंत) मिळतात. अलीकडच्या वर्षांत त्याचे शुल्क पहिल्या वर्षी शून्य आणि पुढे ९५ डॉलर असे आहे. त्याच्याच बिनशुल्क भावंडावर तीन टक्के. किराणा ३,००० डॉलरचा असेल तर पहिल्या वर्षी १८० विरुद्ध ९०. दुसऱ्या वर्षी शुल्क वजा जाता ८५ विरुद्ध ९०! केवळ किराण्याचा विचार केला तर सुमारे ३,१६७ डॉलरच्या पुढेच महाग कार्ड परवडते.

१६/ कायदा येथे कितपत मदतीला येतो? २००९ च्या अमेरिकी कार्ड कायद्याने आरंभीचा सवलतीचा व्याजदर किमान सहा महिने टिकला पाहिजे असे बंधन घातले आणि पहिल्या वर्षात व्याजदर वाढवण्यावर, काही अपवाद सोडून, बंदी आणली. ही बंधने व्याजाची आणि शुल्काची. कॅशबॅकचा दर किती काळ टिकावा, याविषयी त्या कायद्यात असे बंधन नाही.

१७/ विहीर आटली की काय होते, याचे पुरावे इतिहासात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये क्रेडिट कार्डांचे इंटरचेंज सुमारे ०.९५ वरून ०.५५ टक्क्यांपर्यंत आणले. रिवॉर्डचे मोल घटले, वार्षिक शुल्के वाढली. अमेरिकेत ऑक्टोबर २०११ पासून मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांवर मर्यादा आली आणि डेबिटवरील बहुतेक रिवॉर्ड योजना गुंडाळल्या गेल्या. युरोपीय संघाने २०१५ मध्ये ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांसाठी ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. तेथे दोन टक्के कॅशबॅक देणार तरी कोठून?

१८/ आपल्याकडील अनुभवही याला दुजोरा देतो. बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही. आरंभीच्या काळात ॲपवर खरवडून मिळणारी बक्षिसे कंपन्यांनी ग्राहक जोडण्यासाठी केलेल्या खर्चातून येत होती. ग्राहक जोडले गेले आणि बक्षिसे रोडावली. त्यांना पोसणारी विहीर मुळातच नव्हती.

१९/ आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : हे सगळे भरतो कोण? बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अभ्यासकांनी २०१० मध्ये याचा हिशेब मांडला. कार्डाचा खर्च किमतीत मुरतो आणि किंमत सर्वांना एकच. म्हणून रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर गमावते आणि कार्ड वापरणारे कुटुंब १,१३३ डॉलर मिळवते, असा त्यांचा अंदाज होता. रिवॉर्डही धरले तर वर्षाला २०,००० डॉलरपर्यंत मिळवणारे कुटुंब सरासरी २१ डॉलर देते आणि १,५०,००० डॉलरहून अधिक मिळवणारे ७५० डॉलर घेते.

२०/ त्यात थकबाकी ठेवणाऱ्यांची भर घाला. अलीकडे अमेरिकेत कार्डांचा सरासरी व्याजदर वीस टक्क्यांच्या वर आहे. दोन टक्के कॅशबॅकसाठी खर्च करून बाकी वर्षभर थकवणारा माणस इतरांच्या पहिल्या वर्षाचे बक्षीस भरत असतो. रॉचडेलच्या दुकानात परतावा त्याच गिऱ्हाइकांच्या नफ्यातून येत होता. येथे तो बहुधा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून येतो.

२१/ म्हणून कार्डाची जाहिरात समोर आली की तिच्याकडे इतिहासाच्या साधनाप्रमाणे पाहावे. लिहिणारा कोण, त्याचा हेतू काय आणि त्याने काय लहान अक्षरांत लिहिले? बारा महिन्यांचा स्वतःचा खर्च कागदावर मांडावा, दुप्पट आणि माफी दोन्ही वगळाव्यात, शुल्क वजा करावे. जो आकडा उरेल तो त्या कार्डाचा खरा दर. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर व्यवहार त्याच आकड्याशी करायचा असतो.