भुसावळची कबर

माझी थोरली मुलगी भुसावळात दिली आहे. शिंदखेड्याला सुरत-भुसावळ गाडीत बसलं की अमळनेर, जळगाव करत थेट तिच्या गावी उतरता येतं. एकदा असाच गेलो होतो. दुपारी नातवाला घेऊन ख्रिस्ती दफनभूमीकडे निघालो, तर घरची म्हणाली, "तुम्ही मसनमा काय देखाले जातस?" म्हटलं, एका चित्रकाराला भेटून येतो.

रॉबर्ट गिल त्याचं नाव. मद्रासच्या पलटणीतला अधिकारी, पुढे मेजर झाला. लोकांना तो पारोमुळे माहीत आहे. ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर 'अजिंठा' लिहिलं, मग सिनेमाही निघाला. पारो 23 मे 1856 ला वारली. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि तिच्यावरच्या दगडात गिलनं तिला आपली लाडकी म्हटलं आहे. साहेबानं एका गावच्या बाईसाठी त्या काळात असा दगड कोरून घ्यावा, ही लहान गोष्ट नाही. पण आज मला पारोबद्दल नाही, त्याच्या कामाबद्दल बोलायचं आहे. ते काम प्रेमकथेखाली पार दबून गेलंय.

1819 साली जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या खोऱ्यात ही लेणी दिसली. म्हणजे साहेबांना दिसली. आसपासच्या गुराख्यांना ती आधीपासून ठाऊक असणारच. पुढे पंचवीस वर्षांनी, 1844 मध्ये, कंपनी सरकारनं गिलला भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. मुलूख निजामाचा, नोकरी कंपनीची. मुक्काम अजिंठा गावातल्या बारादरीत. कॅनव्हासवर, तैलरंगात, भिंतीवर जेवढं चित्र तेवढंच मोठं उतरवायचं. लेण्यात अंधार. भिंतीला ओल आणि वटवाघळांची घाण. मधे 1857 ची धामधूम. असं करत जवळजवळ वीस वर्षं तो त्यातच राहिला. शिकारी म्हणूनही त्याचं नाव होतं, आणि नंतर त्यानं लेण्यांचे फोटोही काढले.

मी लेण्यात जातो तेव्हा चित्राआधी भिंत बघतो. शेतकऱ्याची खोड आहे. दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि गवताचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग रंग. गेरू, पिवळी माती असले बहुतेक रंग दगडा-मातीतलेच, निळा तेवढा फार लांबून आलेला. आमची धाब्याची घरंही अशीच लिंपलेली असायची, फक्त तुसाऐवजी गव्हाचा भुसा. असा गिलावा पाण्यानं सुटतो, किड्यानं पोखरतो, हे मला कुणी शिकवायला नको. चित्रं झडत होती म्हणून तर नकला हव्या होत्या.

नकला लंडनला गेल्या. सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या. लोखंडाचा आणि काचेचा महाल, त्याला आग कशाची लागणार! पण 30 डिसेंबर 1866 ला लागली आणि गिलची जवळपास सगळी चित्रं त्यात गेली. तिथे नव्हती ती जेमतेम चार-पाच वाचली. ती आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स साहेब 1872 पासून विद्यार्थी घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी त्यातलेच. नकलांचं काम चालू राहिलं, त्यासुद्धा लंडनला गेल्या, आणि 1885 साली तिथल्या आगीत त्यातल्याही कितीतरी जळाल्या. माती झडते म्हणून कापडावर घेतलं, तर कापड जळालं. वर आणखी एक. रंग नीट दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ चित्रांवर वार्निश फासलं होतं. ते पुढे पिवळं, काळपट पडलं. मला गिलचा रागही येतो तो इथे, आणि इथेच तो जवळचाही वाटतो.

कारण आमच्या ओट्याच्या भिंतीवर दाराच्या दोन बाजूंना दोन हत्ती होते. आजोबांच्या काळात लग्नाच्या वेळी कुणा चितारीनं काढलेले. मागे निळे डोंगर, खाली नदी. ती तापीच, असं आजी सांगायची. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं तेव्हा मीच त्यावर चुना मारला. पोपडे निघालेली भिंत पाहुण्यांना दाखवायची लाज वाटली. अर्धा दिवस लागला. नक्कल नाही, फोटो नाही. चितारीचं नावसुद्धा वडिलांना विचारायचं राहिलं.

गिल 1879 ला भुसावळात वारला. त्याच्या कबरीपाशी नातू म्हणाला, "आबा, याची चित्रं कुठेयत?" म्हटलं, जळाली. "मग तुम्ही काय बघायला आलात?" मला पटकन उत्तर सुचलं नाही.

घरी परतल्यावर मी ओट्यावर गेलो आणि खुरप्याच्या टोकानं, जिथे डावा हत्ती होता तिथे, चुना हलकेच खरवडून पाहिला. पापुद्रा सुटला. खाली निळा ठिपका दिसला, डोंगराचा असावा. पण पापुद्रा उलटा केला तर बाकीचा निळा रंग त्यालाच चिकटून आला होता. खुरपं खाली ठेवलं. तो पापुद्रा काड्यापेटीत घालून कोनाड्यात ठेवला आहे.