रद्दीतून उरलेला इतिहास : इंग्रजी बालविनोदपत्रे आणि आपली बालमासिके

एखाद्या समाजाने आपल्या मुलांना काय शिकविले, हे शोधून काढणे फारसे कठीण नसते. क्रमिक पुस्तके सरकारी दप्तरांत राहतात, त्यांच्या आवृत्त्यांची नोंद असते, ती लावण्यासाठी नेमलेल्या समित्यांचे अहवालही सापडतात. परंतु तीच मुले शाळेबाहेर आपणहून काय वाचून हसत होती, हे सांगणारा कागद सहसा मागे उरत नाही. तो हातोहात फिरतो, फाटतो आणि अखेर वाण्याच्या पुड्यांत जातो. बालवाङ्मयाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती येथे. या अडचणीतून वाट कशी काढावी, याचा उत्तम दाखला इंग्लंडातील बालविनोदपत्रांच्या संग्राहकांनी घालून दिला आहे. आपल्याकडील अभ्यासकांचे तिकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

ज्यास इंग्रजीत ‘कॉमिक’ म्हणतात त्या चित्रविनोदपत्राचा उगम मुलांसाठी झाला नव्हता. १८७४ सालचे ‘फनी फोक्स’ किंवा १८८४ सालचे ‘ॲली स्लोपर्स हाफ हॉलिडे’ ही प्रौढांची पत्रे होती. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी मिळालेला कारकून व कामगार हा त्यांचा ग्राहक. १८९० च्या मे महिन्यात आल्फ्रेड हार्म्सवर्थ याने ‘कॉमिक कट्स’ हे साप्ताहिक अवघ्या अर्ध्या पेनीला विकावयास काढले आणि बाजाराचे स्वरूपच पालटले. पुढे ‘डेली मेल’ काढून लॉर्ड नॉर्थक्लिफ झालेला तो हाच गृहस्थ. आरंभीची कित्येक चित्रे त्याने अमेरिकन पत्रांतून सरळ उचलली होती. किंमत उतरली तशी ही पत्रे मुलांच्या हातीही सहज पडू लागली आणि हळूहळू मजकूर त्यांच्याकडे झुकला. १९१४ साली निघालेले रंगीत ‘रेनबो’ तर उघडउघड लहानग्यांसाठीच होते.

या परंपरेस खरा खट्याळपणा आला तो स्कॉटलंडातून. डंडी या शहरी डी. सी. टॉमसन या प्रकाशनसंस्थेने ४ डिसेंबर १९३७ रोजी ‘डँडी’ काढले (गावाच्या व पत्राच्या नावांतील हे साम्य मराठीत फारच घोटाळ्याचे ठरते) आणि ३० जुलै १९३८ रोजी ‘बीनो’. तोवर चित्राखाली लांबलचक मजकूर छापण्याची चाल होती. या दोन पत्रांनी पात्रांच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यांतील संवादांवर भर दिला. वाचता येऊ लागलेल्या मुलास आता कोणाच्या मदतीची गरज उरली नाही. पुढे १९५१ मध्ये डेनिस, १९५३ मध्ये मिनी आणि १९५४ मध्ये लिओ बॅक्सेंडेल याने रंगविलेला बॅश स्ट्रीटच्या शाळेतील तो अनावर वर्ग आला. मास्तर, शिपाई, बाप या साऱ्यांच्या सत्तेची टर उडविणारी ही मुले. तरी शेवटच्या चौकटीत बहुधा बापाच्या सपातेचा मार ठरलेला. १९८० नंतरच्या दशकात ही सपात चित्रांतून नाहीशी झाली. ब्रिटिश घरातील शिस्तीच्या कल्पना कशा बदलल्या, याचा इतका रोखठोक पुरावा कायद्याच्या पुस्तकांतही सापडणे कठीण.

आता या पत्रांच्या दुर्मिळतेकडे वळू. बीनोचा पहिला अंक लाखांच्या घरात खपला, तरी त्याच्या आज माहीत असलेल्या प्रती अगदी थोड्या आहेत. पोरांनी ते फाडले हे त्याचे एक कारण, आणि दुसरे महायुद्ध हे दुसरे. १९४१ पासून कागदाच्या टंचाईमुळे डँडी व बीनो आळीपाळीने पंधरवड्यास एक असे निघू लागले. त्याच अंकांतून मुलांना घरची रद्दी गोळा करून युद्धकार्यास देण्याचे आवाहन केले जाई. म्हणजे ही पत्रे स्वतःच्याच संहारास हातभार लावीत होती! त्या रद्दीत अर्थातच जुने विनोदअंक आधी गेले.

विद्यापीठांनी या साहित्याकडे प्रदीर्घ काळ ढुंकूनही पाहिले नाही. काम केले ते हौशी मंडळींनी. त्यांत डेनिस गिफर्ड (१९२७–२०००) याचे नाव अग्रभागी येते. तो स्वतः व्यंगचित्रकार होता. लहानपणापासून अंक जमवीत त्याने प्रचंड संग्रह केला आणि १९७५ साली १८७४ ते १९७४ या शंभर वर्षांतील ब्रिटिश विनोदपत्रांची सूची प्रसिद्ध केली. १९७८ मध्ये या विषयाच्या चाहत्यांचे एक मंडळही त्याने स्थापिले. त्याच्या मृत्यूनंतर तो संग्रह लिलावात विखुरला गेला. सूची मात्र राहिली, आणि पुढील अभ्यासकांना आधार झाला तो त्या सूचीचाच. संग्राहक आणि संशोधक यांतील भेद प्रस्तुत लेखकाच्या मते येथेच आहे. पहिल्यास वस्तू जवळ असावी असे वाटते. दुसऱ्यास ती कोठे, केव्हा, कोणाच्या हातून झाली हे इतरांस कळावे असे वाटते.

हे कळणे सोपे नव्हते. टॉमसन संस्थेच्या चित्रकारांना चित्रांवर सही करण्याची मुभा नसे. डडली वॉटकिन्स हा मोठा अपवाद, आणि त्यालाही ती सवलत १९४६ नंतरची. बाकीच्यांची ओळख संग्राहकांनी रेषेवरून, अक्षरवळणावरून, एखाद्या नाकाच्या ठेवणीवरून पटविली. हा केवळ हौसेचा खेळ नव्हता. बॅक्सेंडेल याने आपल्या पात्रांवरील हक्कासाठी संस्थेशी वर्षानुवर्षे न्यायालयीन झगडा केला आणि तो १९८७ साली तडजोडीने मिटला. कोणते चित्र कोणी काढले या प्रश्नाचे मोल अशा वेळी कळते. बीनोच्या वार्षिक पुस्तकांवरही १९६० नंतरची काही वर्षे उलटेपर्यंत साल छापलेले नसे. मुखपृष्ठावरील चित्रावरून ते ठरवावे लागते. तारखांचे महत्त्व डेनिसच्या प्रकरणात दिसते. १९५१ च्या त्याच मार्च महिन्यात अमेरिकेतही एका वृत्तपत्री मालिकेत नेमक्या त्याच नावाचा खोडकर मुलगा अवतरला. कोणी कोणाचे चोरले, असा प्रश्न सहज उठतो. ब्रिटिश अंक छापील तारखेच्या काही दिवस आधीच विक्रीस येत, ही बारीक बाब ध्यानी घेतली म्हणजे दोन्ही मुले जवळजवळ एकाच दिवशी जन्मली असे दिसते आणि चौर्याचा आरोप टिकत नाही.

मराठीत असे चित्रविनोदपत्र रुजले नाही. आपले खट्याळ मूल गद्यातच वाढले. ताम्हनकरांचा गोट्या असो की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, त्यांच्या करामती वाक्यांतून कळतात, चित्र त्यांच्या सोबतीस असते इतकेच. मराठी मुलांना हसरी रेषा भेटली ती काही अंशी भलत्याच ठिकाणी, म्हणजे शि. द. फडणीस यांनी सजविलेल्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत. रोजच्या चित्रपट्टीतला चिंटू १९९१ साली आला, तोही मुलांच्या पत्रातून नव्हे, वृत्तपत्रातून. तेव्हा इंग्रजी विनोदपत्रांच्या जोडीस आपल्याकडे ठेवावयाची ती बालमासिकेच. १८७२ सालचे अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’, १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी सुरू केलेला ‘आनंद’, १९५२ पासून मराठीत आलेला ‘चांदोबा’, १९७१ चे ‘किशोर’. यांपैकी ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संगणकावर खुले करून मोठी सोय केली आहे. आपट्यांची गोष्ट मात्र विचार करावयास लावणारी आहे. त्यांचा ‘शब्दरत्नाकर’ कोश कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात हाती येतो. त्याच हातांनी मुलांसाठी चालविलेल्या मासिकाच्या आरंभीच्या सुट्या अंकासाठी कपाटे धुंडाळावी लागतात. सापडला तरी तो बांधीव खंडात सापडतो, आणि बांधणी करताना मुखपृष्ठे व जाहिराती काढून टाकण्याची आपल्या ग्रंथालयांची जुनी रीत आहे. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथांच्या सूचीसाठी जे अपार कष्ट घेतले, त्या जातीचे काम बालमासिकांच्या अंकाअंकाबाबत व्हावयास हवे.

हे काम महाराष्ट्राबाहेर अधिक निकडीचे आहे. धार व देवास ही पवारांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ साली मध्य प्रदेशात आली. तेथील मराठी घरांतील मुलांची शाळा हिंदी झाली. अशा घरात पुण्या-मुंबईहून टपालाने येणारे बालमासिक हे करमणुकीचे साधन तर होतेच, पण मुलाच्या हाती पडणारे छापील मराठी बहुधा तेवढेच असे. भागवत स्वतः इंदुरास जन्मलेले, ही गोष्ट येथे आठवण्याजोगी आहे. माळवा-निमाडातील मराठी कशी टिकली, कोणत्या पिढीत सैल झाली, याचा शोध घेणाऱ्यास शाळांची दप्तरे फार काही सांगणार नाहीत. मासिकाच्या वेष्टनावरील ग्राहकाचा पत्ता, कोड्याचे उत्तर धाडणाऱ्यांच्या यादीत छापलेले गावाचे नाव, समासात पेन्सिलीने लिहिलेले अक्षर, यांतून ते अधिक कळेल.

आणि ही साधने झपाट्याने जात आहेत. कुक्षीजवळचे निसरपूर हे नर्मदाखोऱ्यातील गाव घ्या. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवराची पातळी १३८.६८ मीटरपर्यंत चढली आणि गावाची जुनी वस्ती पाण्याखाली गेली. घर सोडताना माणूस भांडी, धान्य, देव आणि जमिनीचे कागद आधी हलवितो. माळ्यावरच्या ट्रंकेतील मुलांच्या अंकांची पाळी शेवटी येते, किंवा येतच नाही. धार, कुक्षी, बडवानी या पट्ट्यात जी जुनी मराठी घरे अद्याप उभी आहेत, त्यांतील ट्रंका उघडून पाहण्याचे काम तेथील शिक्षकांनाच करता येण्यासारखे आहे. अंक विकत घेण्याची किंवा मागून नेण्याचीही गरज नाही. मासिकाचे नाव, महिना, किंमत, मुखपृष्ठ आहे की नाही, वेष्टनावर पत्ता असल्यास कोणत्या गावचा, एवढी नोंद करून अंक पुन्हा ट्रंकेत ठेवावा.