जड कोठ्याचा इतिहास

बिद्रीच्या साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात आला की ऊसगाड्यांच्या एखाद्या तरी बैलाचं शेण अडायचं. वडील जुलाबाचं मीठ कोमट पाण्यात कालवून बांबूच्या नळकांड्यानं पाजत. ‘मीठ पाणी वढतंय, पाणी शेण वढतंय,’ एवढंच त्यांचं शास्त्र.

चाळिशीनंतर माझ्या पोटदुखीला डॉक्टरांनी नाव दिलं : इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, बद्धकोष्ठाचा प्रकार. लॅक्टुलोजचं पातळ औषध मिळालं. शौचाला होऊ लागलं, पण पोट नगाऱ्यासारखं फुगे. मी वैद्यकीचा माणूस नव्हे. जुनी दप्तरं चाळणं हा माझा नाद. त्याच नादानं या औषधाचं कूळ शोधू लागलो.

गंमत अशी की त्याचा एक धागा गुरांपाशीच पोचतो. १६१८च्या सुमारास इंग्लंडमधल्या एप्सम गावी तहानलेल्या गुरांनी एका डबक्यातलं कडू पाणी नाकारलं, अशी आख्यायिका आहे. १६९५ मध्ये नेहेमाया ग्रू यानं त्या पाण्यातल्या क्षारावर पुस्तिका लिहिली. तो क्षार म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, वडिलांचं जुलाबाचं मीठ. काकडीला मीठ चोळलं की पाणी सुटतं, तसंच हे. आतडं हा क्षार फारसा शोषत नाही, त्यामुळे पाणी आतड्यातच राहतं आणि मळ मऊ होतो. सोनामुखीचं तसं नाही; ती आतड्याला चाबूक मारते.

आपल्याकडे काय होतं? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या तेराव्या अध्यायात मृदुकोष्ठ माणसाला कशानं रेच होतो याची यादी आहे : गूळ, उसाचा रस, दह्याची निवळ, दूध, द्राक्षं, गरम पाणीसुद्धा. क्रूरकोष्ठाला यातलं काही लागू पडत नाही. आपण ‘त्याचा कोठा जड आहे’ म्हणतो, तो कोठा म्हणजे हाच कोष्ठ. दुधातली साखर ज्याला पचत नाही, त्याच्या आतड्यात ती खरोखरच पाणी धरून ठेवते. उसाच्या रसाचं मात्र मला पटत नाही. त्यातली साखर लहान आतड्यातच शोषली जाते. हंगामात तांब्यांनी रस पिऊनही आम्ही कधी रानाकडे पळालो नाही. चरकाला ऑस्मोसिस ठाऊक होतं, असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. पण प्रत्येकाचा कोठा निराळा, हे त्यानं नेमकं पाहिलं होतं.

लॅक्टुलोजही दुधाच्या साखरेपासूनच होतं. ते १९२९ मध्ये प्रथम तयार झालं. १९५०च्या दशकाअखेरीस ऑस्ट्रियाच्या पेट्युएली यांच्या कामातून औषध म्हणून पुढे आलं. माणसाला ते पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले जंतू ते आंबवतात आणि वायू धरतो. माझ्या नगाऱ्याचं कारण हेच. १९८० मध्ये अमेरिकेत फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी तपासणीआधी आतडं धुण्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं द्रावण आणलं. ते जंतूंनाही फोडता येत नाही. पुढे त्याचीच लहान मात्रा रोजच्या बद्धकोष्ठासाठी रूढ झाली.

मीही त्या पावडरीवर आलो. फुगणं कमी झालं, दुखणं राहिलं. ‘दुखतंय म्हणजे साफ झालं नाही’ या हिशेबानं मी सात वर्षं मात्रा वाढवत गेलो. दिवसाला चार वेळा पळायचो, चक्कर यायची, लग्नाकार्याला जाणं सोडलं होतं. मग २०१३ची एक चाचणी वाचनात आली. हाच आजार असलेल्या रुग्णांना २८ दिवस ही पावडर दिली. शौच सुधारलं, पण पोटदुखी बिनऔषधी पुडी घेणाऱ्यांइतकीच राहिली. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेनंही या आजाराच्या एकूण त्रासासाठी केवळ तिच्यावर भिस्त ठेवू नये असं सुचवलं. बैलाचं दुखणं अडलेल्या शेणाचं होतं. माझं नुसतं तेवढं नव्हतं. या आजारात आतड्याच्या नसाच हळव्या झालेल्या असतात.

ते कात्रण घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मात्रा निम्म्यावर आणली आणि दुखण्याचं औषध वेगळं लिहून दिलं. गेल्या माघात पुतणीच्या लग्नात शेवटच्या पंगतीपर्यंत वाढायला उभा होतो.