लाट चांगली, पाणी कसे?

सर्फिंग करणारा समुद्राकडे पाहतो तो लाट कुठे फुटते ते हेरायला, छायाचित्रकार पाहतो उजेडासाठी. पाणी तपासणारा निर्जंतुक बाटली घेऊन गुडघाभर पाण्यात उतरतो, नमुना घेतो आणि निघून जातो. या तिघांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या तरच किनाऱ्याचे पाणी कळू लागते, असे मानणारे हे अभ्यासक्षेत्र आहे. त्यात सागरविज्ञान आहे, सूक्ष्मजीवशास्त्र आहे, साथरोगशास्त्र आहे. नव्या वाचकाने या नावांना दबू नये. एक किनारा नीट समजून घेतला की बाकीचे हळूहळू उलगडते.

तो किनारा म्हणून मी इम्पीरियल बीच सुचवीन. अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेला खेटून हे छोटे शहर आहे. त्याच्या दक्षिणेला तिहुआना नदी समुद्राला मिळते. या नदीने हजारो वर्षांत आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा पंखा मुखासमोर पाण्याखाली पसरला आहे आणि हिवाळ्यातल्या मोठ्या लाटा त्यावरच उभ्या राहतात. १९४० च्या दशकात डेम्प्सी होल्डर हा जीवरक्षक तिथल्या लाटांवर स्वार होत असे, आणि ‘तिहुआना स्लूज’ हे या ठिकाणाचे नाव कॅलिफोर्नियाभरच्या सर्फरांत दरारा निर्माण करीत असे. आज तीच नदी तिहुआना शहराचा मैला घेऊन येते. लाट घडवणारी नदीच लाटेवर जाण्याची बंदी घडवते आहे. याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

पण दोष एकट्या नदीचा नाही. सीमेच्या दक्षिणेला सुमारे दहा किलोमीटरवर पुंता बांदेरा येथे सांडपाणी थेट किनाऱ्यावर सोडले जात आले आहे. उन्हाळ्यात दक्षिणेकडून लांब लाटा येतात तेव्हा किनाऱ्यालगतचा प्रवाह ते पाणी उत्तरेकडे ढकलतो. पाऊस पडल्यावर तीन दिवस समुद्रात उतरू नये, हा कॅलिफोर्नियातला रूढ सल्ला त्यामुळे इथे अपुरा पडतो. आकाश कोरडे असते, लाट उत्तम असते आणि पाणी घाण असते.

आता मोजमापाकडे. रोग पसरवणारे विषाणू थेट शोधणे अवघड आणि खर्चिक. म्हणून विष्ठेची खूण म्हणून एन्टेरोकोकाय हे जिवाणू मोजतात. खाऱ्या पाण्यात ते ई. कोलायपेक्षा जास्त तग धरतात. कॅलिफोर्नियात १०० मिलिलिटरमागे त्यांची संख्या १०४ च्या वर गेली की किनाऱ्यावर इशाऱ्याचा फलक लागतो. मात्र जिवाणू वाढवून मोजायला जवळपास एक दिवस लागतो, म्हणजे फलक कालच्या पाण्याविषयी बोलतो: वरातीमागून घोडे! इम्पीरियल बीच ज्या सॅन डिएगो काउंटीत येते, तिने २०२२ मध्ये डीएनए मोजणारी चाचणी स्वीकारली आणि निकाल त्याच दिवशी मिळू लागले. इम्पीरियल बीचवरचे बंदीचे दिवस वाढले, चाचणीवरच वाद झाला. तापमापक फोडून ताप उतरत नाही, हे मात्र वादात विसरले गेले, असे माझे मत आहे.

कायद्याचीही एक गंमत पाहा. त्या राज्यात गर्दीच्या किनाऱ्यांची साप्ताहिक तपासणी एप्रिल ते ऑक्टोबर सक्तीची आहे. पाऊस आणि सर्फिंगच्या मोठ्या लाटा येतात हिवाळ्यात! म्हणूनच सॅन डिएगोत ६५४ सर्फरांवर झालेला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मोलाचा ठरतो. त्यांच्या पाण्यातल्या १०,०८१ दिवसांची नोंद झाली. समुद्रात उतरल्यावर आजार वाढत होतेच; पावसानंतरच्या तीन दिवसांत कानदुखी आणि जखमा चिघळण्याचे प्रमाण आणखी वाढले. सर्फर इथे केवळ तक्रारदार राहिला नाही, तो संशोधनाचा भागीदार झाला.

छायाचित्रणाचे या क्षेत्रातले स्थान थोडे अडचणीचे आहे. सर्फर टॉम ब्लेकने १९३० च्या सुमारास कॅमेऱ्यासाठी जलरोधक पेटी बनवली आणि लाट प्रथमच पाण्यातून दिसली. तेव्हापासून या कलेने समुद्र सुंदरच दाखवला. जिवाणू छायाचित्रात उतरत नाहीत. निळेशार पाणी दूषित असू शकते आणि गढूळ पाणी निर्धोक. पण २०२३ मध्ये स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सॅन डिएगोतल्या टॉरी पाइन्सजवळ लॉस पेन्यास्कितोस खाडीच्या मुखाशी गुलाबी, निरुपद्रवी रंग सोडला आणि तो कसा पसरतो हे ड्रोनमधून टिपले. गोडे पाणी फुटत्या लाटांत अडकून किनाऱ्यालगत कसे सरकते, हे त्या चित्रांत दिसते. त्याच वर्षी, दूषित पाण्यातले जिवाणू तुषारांबरोबर इम्पीरियल बीचच्या हवेत पोहोचतात, असेही एका अभ्यासाने दाखवले. किनाऱ्यावर कॅमेरा रोखून उभा असलेला माणूसही मग सुटला नाही.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्नान आणि पाण्यातल्या खेळांच्या समुद्रासाठी १०० मिलिलिटरमागे १०० विष्ठाजन्य कोलिफॉर्म ही मर्यादा घातली आहे. मुंबईचे सांडपाणी वरळी आणि वांद्रे येथून बोगद्यांतून समुद्रात तीन-चार किलोमीटर आत सोडले जाते. वाचकाने आपल्या जवळच्या किनाऱ्याचा एखादा अहवाल मिळवावा. आकड्याआधी नमुन्याची तारीख, वेळ, भरती-ओहोटी आणि आधीच्या तीन दिवसांचा पाऊस पाहावा. या नोंदी अहवालात नसतील, तर त्या संबंधित कार्यालयाकडे लेखी मागाव्यात.