लाल ज्वाळेमागचा क्षार: स्ट्रॉन्शियम नायट्रेट म्हणजे काय आणि ते कुठे वापरतात?

भंडारा जिल्ह्यातलं वरठीचं भंडारा रोड स्टेशन हावडा-नागपूर-मुंबई या वर्दळीच्या मार्गावर आहे. समजा, अशा मार्गावर मालगाडी घसरली आणि डबे शेजारच्या रुळावर आडवे झाले. समोरून येणारी गाडी थांबवायची कशी? त्यासाठी रेल्वे कर्मचाऱ्यांकडे फ्युझी नावाची नळी असते. पेटवली की ती काही मिनिटं भडक लाल उजेड देते. अशा लाल उजेडामागे सहसा एकच क्षार असतो: स्ट्रॉन्शियम नायट्रेट.

नेमकं काय आहे हे?

हा पांढरा, स्फटिकी, पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ. साधारण २० अंश सेल्सिअसला १०० मिलीलिटर पाण्यात तो सुमारे ७० ग्रॅम विरघळतो. वितळतो सुमारे ५७० अंशांना. स्ट्रॉन्शियम कार्बोनेटवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून तो बनवतात. स्ट्रॉन्शियम हे नाव स्कॉटलंडमधल्या स्ट्रॉन्शियन गावावरून पडलं. हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये हा धातू वेगळा केला.

ज्वाळा लाल का दिसते?

नायट्रेट तापलं की ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे इंधन जोरात जळतं. त्याच उष्णतेत स्ट्रॉन्शियमचे क्लोरीन किंवा हायड्रॉक्सिलबरोबर रेणू तयार होतात आणि ते लाल प्रकाश देतात. म्हणजे हा क्षार एकाच वेळी दोन कामं करतो: आग वाढवतो आणि तिला रंगही देतो.

कुठे वापरतात?

फ्युझी, जहाजांवरचे संकटसूचक फ्लेअर, लष्करी सिग्नल आणि दिवाळीतले लाल रंगाचे फटाके. स्ट्रॉन्शियमचे इतर क्षारही कामाचे आहेत. दात शिवशिवण्यावरच्या काही टूथपेस्टमध्ये स्ट्रॉन्शियम क्लोराईड वापरलं गेलं आहे.

हे किरणोत्सारी आहे का?

नाही. ऐकून अनेकांचा गोंधळ होतो तो स्ट्रॉन्शियम-९० मुळे. ते अणुस्फोटात आणि अणुभट्टीत तयार होतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे २९ वर्षं आहे. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखं वागतं, म्हणून स्ट्रॉन्शियम-९० हाडांत साचतं. फटाक्यातलं स्ट्रॉन्शियम हे खनिजातून मिळणारं साधं, स्थिर स्ट्रॉन्शियम असतं.

मग धोका कशात आहे?

हा क्षार स्वतः पेटत नाही, पण लाकूड, कागद, कापड, तेल यांच्या संपर्कात आला तर त्यांची आग भडकवतो. म्हणूनच सांडला तर लाकडाच्या भुशाने गोळा करू नये. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवून डॉक्टरांकडे जावं.

ज्वलनशील आणि स्फोटक पदार्थांची किंमत काय असते, हे भंडाऱ्याला वेगळं सांगायला नको. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ कामगारांचा जीव गेला. तिथे संरक्षण दलांसाठी स्फोटकं आणि प्रणोदकं बनतात. त्या स्फोटाचा विषय वेगळा, पण धडा इथेही लागू होतो: प्रशिक्षित माणसांच्या, नियमांनी बांधलेल्या कारखान्यातही जे घडू शकतं, ते घरच्या गच्चीवर घडायला क्षणही पुरतो.

त्यामुळे 'घरी रंगीत फटाका बनवा' असा व्हिडिओ दिसला तर तो पुढे पाठवू नका. घरातल्या मुलांनी तो पाहिला असेल तर त्यांच्याशी आजच बोला.