नागपूर ‘पदवीधर’: जांभळ्या शाईचा कौल

नागपूर विभागाच्या पदवीधर मतदारसंघातून गंगाधरराव फडणवीस विधान परिषदेवर गेले. त्यांच्या निधनानंतर 1989 मध्ये नितीन गडकरी निवडून आले आणि 2014 पर्यंत ही जागा त्यांनी राखली. मग अनिल सोले. जनसंघापासून भाजपपर्यंत काही दशके हा बालेकिल्ला हलला नव्हता. 2020 मध्ये पक्षाने सोले यांना थांबवून महापौर संदीप जोशी यांना उमेदवारी दिली. समोर महाविकास आघाडीतर्फे काँग्रेसचे अॅड. अभिजित वंजारी. रिंगणात एकूण 19 जण. लॉकडाउनमध्ये वऱ्हाडी बोलीतल्या ऑनलाइन तासांनी घरोघरी पोचलेले वर्ध्याचे नितेश कराळे गुरुजीही त्यांत होते.

या निवडणुकीची खरी लढाई प्रचाराच्या कितीतरी आधी, मतदार यादीत लढली जाते. विधानसभेच्या यादीत नाव असून भागत नाही. पदवी मिळून तीन वर्षे झालेली हवीत, अर्ज क्रमांक 18 भरायचा, पदवीचा पुरावा जोडायचा. शिवाय दर निवडणुकीला यादी कोऱ्या कागदावरून सुरू होते. मागच्या वेळच्या मतदारालाही पुन्हा अर्ज करावा लागतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा सहा जिल्ह्यांत कार्यकर्ते अर्ज गोळा करत फिरतात. इतकी वर्षे भाजपला तारले ते या चिवट कामाने, आणि काँग्रेसने यावेळी त्यात कसर ठेवली नाही.

1 डिसेंबरला मतदान झाले. इथे यंत्र नसते. लांबलचक मतपत्रिका आणि केंद्रावरच मिळणारा जांभळा स्केच पेन. आवडत्या उमेदवारापुढे 1, मग वाटल्यास 2, 3. बरोबरची खूण केली, सही ठोकली किंवा दोघांपुढे 1 लिहिला, की मत बाद. पदवीधरांचीच अकरा हजारांवर मते अशी बाद ठरली, हे मनाला लागते.

3 डिसेंबरला मानकापूरच्या क्रीडा संकुलात मोजणी सुरू झाली. जिंकायला लागणाऱ्या मतांचा कोटा ठरला 60,747. पहिल्या पसंतीत वंजारी सुमारे 56 हजारांवर थांबले. जोशी बरेच मागे, पण कोटा कुणालाच गाठता आला नव्हता. मग तळाचा उमेदवार बाद करायचा, त्याचा गठ्ठा सोडायचा आणि प्रत्येक मतपत्रिकेवर दुसरा आकडा कुणापुढे आहे ते पाहायचे. फेरीमागून फेरी हेच चालले. 4 तारखेला वंजारींनी कोटा ओलांडला.