लाईन गेली तेव्हा

राणीसावरगावात रात्री माळवदावर बसला आहेस. मांडीवर गिटार, शेजारी वही. वहीतली शेवटची ओळ दिवाळीतली, आता ज्वारी काढून झाली. ती ओळही तू खोडलेली आहेस.

गाणं सुचेना की माणूस वाद घालतो. मित्राचं म्हणणं, पंक लंडनचं, १९७६चं, सेक्स पिस्टल्सचं. तू म्हणतोस, त्याच वर्षी एप्रिलात न्यूयॉर्कच्या रामोन्सची पहिली तबकडी आली होती. चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास.

"अन् पेरूतले लोस साइकोस? रेल्वे स्टेशन पाडायचं गाणं त्यांनी १९६५लाच बोंबलून म्हणलंय की."

"कशाला एवढं लांब जायलास? जनाबाई गंगाखेडची. विठ्ठलाला तोंडावर झापणारी. तीच पहिली पंक."

सगळं आपल्याकडंच आधी होतं, हा सूर तुला सोसत नाही. जनाबाईला हे बिरुद कशाला? पण उत्तर द्यायच्या आत लाईन जाते.

अंधारात आधी वास येतो, सांडलेल्या बिअरचा. १६ ऑगस्ट १९७४, न्यूयॉर्कच्या बॉवरी रस्त्यावरचा सीबीजीबी. नावातली अक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूजची. मालकाला ते संगीत हवं होतं, आणि समोर कातडी जाकिटातले चौघं उभे. रामोन्सचा इथला हा पहिलाच कार्यक्रम. ऐकायला माणसं मोजकी. तू हळूच शेजारच्याला विचारतोस, "ह्याला पंक म्हणायचं ना?" तो तुझ्याकडं बघतसुद्धा नाही.

डोळे मिटून उघडतोस तर १९६९, मुंबई. खोलीत शाईचा दर्प. मेणकागदावर कोरलेला लघुनियतकालिकाचा मजकूर सायक्लोस्टाइलच्या रुळाखालून निघतो आहे आणि ओले कागद दोरीवर वाळत घालायचं काम तुझ्याकडं आलं आहे. हात कोपरापर्यंत काळे. ह्याच वर्षी राजा ढाले आणि त्यांचे सोबती 'सत्यकथे'चा अंक जाळतात. अंक जाळणं तुला आजही पटत नाही, मर्ढेकर, जी. ए. ह्याच मासिकानं छापले. पण इथं उभं राहिल्यावर एक गोष्ट कळते. ह्या पोरांनी संपादकाच्या होकाराची वाटच बघितली नाही. रुळ आहे, शाई आहे, काढा अंक. तीन वर्षांनी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह येईल, त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची असेल. हे तुला ठाऊक आहे, खोलीतल्या कुणालाच नाही. सांगावंसं वाटतं. तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, "अरे, कागद चिकटले!"

तू कागद सोडवायला वाकतोस, आणि बोटांना माती लागते.

आपलंच गाव. १९७२, दुष्काळाचं साल. दिवसभर कामावर खडी फोडून आलेली माणसं अंगणात बसली आहेत. पोटात सुकडी, नाहीतर मिलोची लाल भाकर. कुणाच्या तरी घरचं लग्न उरकलं आहे आणि लग्नाचा गोंधळ काही चुकवायचा नसतो. चौक मांडलेला, दिवटी पेटलेली. गोंधळी तिघंच. एक संबळावर, वाकड्या टोकाच्या काठीनं कातडं घुमवतो. एकाच्या काखेत तुणतुणं. तिसरा नुसते फाटे फोडतो, कथा रंगात आली की मधेच तोंड घालून तिची टोपी उडवतो, आणि दमलेली माणसं खो खो हसतात. तुळजापूरच्या भवानीला बोलावणं जातं, माहूरच्या रेणुकेला जातं. आवाज फाटतो. फाटलेला आवाज कुणी सावरत नाही.

तुझी नजर तुणतुण्यावर खिळते. एकच तार. पंकवाले तीन कॉर्डवर भागतं म्हणून मिरवतात. इथं हिशोब एका तारेवर आला आहे. माळवदावरच्या सहा तारा आठवून तुला थोडी लाज वाटते.

"आबा," तू तुणतुणेवाल्याच्या कानाशी लागतोस, "हे पहिल्यांदा कुणी सुरू केलं?"

तो तार पिळतो, कानाशी नेतो, पुन्हा पिळतो.

"ते मागून बघू. दिवटी इझायलीय, दिसंना का? तेल घाल लेकरा."

तू तेलाची बुधली शोधू लागतोस. तोवर संबळ पुन्हा सुरू झालेला असतो.